हिंसेची मोजदाद

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या सोसायटीतील सुरक्षारक्षकाच्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन मला एका रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे लागले. त्याच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, सरळ रेषेत गेलेली खोल जखम होती. निवासी डॉक्टरांनी "कशाने लागलं?" असे विचारताच "पत्र्यावर पडलो" असे उत्तर आले आणि केसपेपरवर तेच लिहिले गेले. टाके घालून झाल्यावर डॉक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काका, पत्र्याने असं कापत नाही. हा हात वर करून वार अडवलेला दिसतोय." बाहेर बाकावर दहा-बारा रुग्ण थांबले होते. मुलाला पोलिसांची भीती होती आणि बापाला वस्तीतल्या पोरांची. मी आग्रह धरायला हवा होता, तो धरला नाही. त्या रात्री पुण्यात एक हल्ला झाला आणि तो कोणत्याही कागदावर उमटला नाही.

असे किती हल्ले कागदावर येत नाहीत, हे या शहरात कोणालाही सांगता येणार नाही. हिंसेवर आपल्याकडे बोलले भरपूर जाते. २०२२ च्या अखेरीस 'कोयता गँग' हा शब्द मथळ्यांत रुळला. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा एका तरुणीवर कोयता उगारला गेला आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाने तो हात धरला म्हणून ती वाचली. ५ जानेवारी २०२४ रोजी सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळ याच्यावर त्याच्याच साथीदारांनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १ सप्टेंबरला नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांचा खून झाला आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्याच पेठेत त्याचा सूड म्हणून एका कोवळ्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्याचे तपासात समोर आले. प्रत्येक घटनेनंतर कोम्बिंग ऑपरेशन झाले, तडीपारीचे आदेश निघाले, एमपीडीए या प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्धता झाली, संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का लागला, आरोपींची त्यांच्याच वस्तीतून धिंड निघाली. यांपैकी कोणत्या उपायाने कोणत्या भागातील हिंसा कमी झाली, कोणत्या उपायाने ती शेजारच्या हद्दीत सरकली आणि कोणता उपाय निष्फळ ठरला, याचे उत्तर मात्र उपलब्ध नाही, कारण ते शोधण्याची व्यवस्थाच आपण उभी केलेली नाही. माझे म्हणणे असे आहे की ही व्यवस्था उभी करणे हे आज पुण्याच्या सुरक्षेचे सर्वांत तातडीचे काम आहे, आणि त्याची सुरुवात पोलीस ठाण्यात नव्हे तर रुग्णालयात झाली पाहिजे.

आपल्याकडे आकडे अजिबात नाहीत असे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ पासून काम करत आहे, आणि त्याच्या वार्षिक अहवालात २० लाखांहून अधिक लोकसंख्येची जी १९ महानगरे स्वतंत्रपणे मोजली जातात, त्यांत पुणे आहे. परंतु हे आकडे कसे तयार होतात, हे पाहिले म्हणजे त्यांच्यावर किती भार टाकावा याचा अंदाज येतो. एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले असतील तर त्यांपैकी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजायचा, असा त्या विभागाचा नियम आहे. म्हणजे खुनाबरोबर घडलेली तोडफोड, दहशत किंवा बेकायदा शस्त्र बाळगणे ही त्या मोजणीत दिसेनाशी होतात. दुसरी अडचण हद्दीची. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि पुणे शहर पोलिसांकडील अनेक ठाणी तिकडे गेली. पुढे ग्रामीण पोलिसांकडची लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ठाणी शहराकडे आली. महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे समाविष्ट झाली. ज्या 'पुण्या'चा २०१५ चा आकडा आपण आजच्या आकड्याशेजारी ठेवतो, ते एकच शहर नव्हेच. तिसरी अडचण छेदाची. दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, हे सांगताना महानगरांसाठी २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली जाते. वाघोली, मांजरी, आंबेगाव किंवा सूस येथे त्या वेळी कोण राहत होते आणि आज कोण राहते, हे पुणेकरांना सांगावे लागत नाही. त्यामुळे 'गुन्हेगारी वाढली' म्हणणारा विरोधी पक्षाचा प्रवक्ता आणि 'घटली' म्हणणारा सत्ताधारी प्रवक्ता हे दोघेही त्याच अहवालातून आपापली ओळ वाचून दाखवू शकतात, आणि दोघांनाही खोडून काढणे अवघड जाते.

या सगळ्या अडचणींच्या मुळाशी एक मोठी अडचण आहे, ती म्हणजे पोलिसांचा आकडा हा फिर्यादीचा आकडा असतो, जखमेचा नसतो. ब्रिटनमधील कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या जबड्याच्या शल्यचिकित्सकाच्या हे लक्षात आले. मारहाणीत फुटलेले जबडे आणि फुटक्या ग्लासांनी कापलेले चेहरे शिवता शिवता त्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा उपचारासाठी आलेल्या अशा जखमींचा मोठा भाग पोलिसांच्या दप्तरी नव्हताच. मग त्यांनी रुग्णालयाच्या स्वागतकक्षात प्रत्येक जखमीला चार साध्या गोष्टी विचारायला सुरुवात करवली: हल्ला नेमका कुठे झाला, केव्हा झाला, कशाने झाला आणि मारणारे किती होते. नाव, पत्ता, कोणाशी भांडण, यांतले काहीही पुढे जात नसे. दर महिन्याला हा निनावी तक्ता पालिका आणि पोलीस यांच्यापुढे ठेवला जाई आणि त्यावरून गस्त कोणत्या रस्त्यावर किती वाजता हवी, कोणते मद्यालय वारंवार हल्ल्यांचे ठिकाण ठरते, हे ठरत असे. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार, तशाच १४ शहरांशी तुलना करता कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. मला या प्रयोगात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही तुलना. केवळ 'आमच्याकडे घट झाली' एवढे सांगून ते थांबले नाहीत. उपाय केला नसता तर काय झाले असते, हेही त्यांनी शोधले.

पुण्याने ज्याच्याकडे पाहावे असे दुसरे शहर म्हणजे स्कॉटलंडमधील ग्लासगो. तेथेही प्रश्न बंदुकीचा नव्हता, चाकूचा होता, आणि चाकू बाळगणारे बहुतेक वस्त्यांमधले किशोर आणि तरुण होते. २००५ साली तेथील पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी स्वतंत्र पथक स्थापन केले आणि हिंसा ही साथीच्या रोगासारखी हाताळायची, असे ठरवले: अटक चालूच ठेवायची, पण त्याचबरोबर शाळा, दवाखाने, नोकरी देणारे आणि पूर्वी टोळीत असलेले लोक यांनाही कामाला लावायचे. पुढच्या दशकभरात स्कॉटलंडमधील खुनांची संख्या निम्म्यापर्यंत आली. तिचे सगळे श्रेय त्या पथकाला देणे योग्य होणार नाही, कारण त्याच काळात इतर देशांतही तरुणांची हिंसा कमी होत होती. एवढे मात्र खरे की ग्लासगोच्या पोलिसांनी आधी मोजले आणि मग बोलले.

मोजणे थांबवले तर काय होते, याचा धडा अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन घेतला. घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याची जोखीम सुमारे २.७ पट असते, असा निष्कर्ष आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडला. त्या संशोधनाला तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा निधी होता. १९९६ साली जे डिकी या लोकप्रतिनिधीच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती आली: बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी हा निधी वापरता येणार नाही. संशोधनावर शब्दशः बंदी नव्हती, परंतु केंद्राच्या अंदाजपत्रकातून नेमके २६ लाख डॉलर, म्हणजे आदल्या वर्षी बंदुकीच्या जखमांच्या अभ्यासावर खर्च झालेली रक्कम, वळवण्यात आले आणि संशोधकांनी त्यातला अर्थ ओळखला. वीस वर्षांहून अधिक काळ तो अभ्यास जवळजवळ ठप्प राहिला. २०१२ साली स्वतः डिकी यांनी, ज्यांच्याशी त्यांचे एके काळी तीव्र मतभेद होते त्या मार्क रोझेनबर्ग या रोगनियंत्रण केंद्राच्या माजी अधिकाऱ्यासह लेख लिहून, असे संशोधन व्हायला हवे अशी भूमिका घेतली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अडीच कोटी डॉलर मंजूर झाले तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. आपल्याकडे अशी कोणतीही दुरुस्ती कोणी आणलेली नाही. आपल्याला कोणी न रोखताच आपण थांबलो आहोत, ही गोष्ट मला अधिक बोचते.

कोयत्याच्या बाबतीत तर धोरणाचा पाया किती ठिसूळ आहे, ते कायद्याच्या शब्दांतच दिसते. शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाते असलेली हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे तीतून वगळलेली आहेत. कोयता हे ऊसतोड्याचे, शहाळेवाल्याचे, माळ्याचे अवजार आहे. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याच्या हातात ते अवजार असते आणि रात्री दुचाकीवरून तोच कोयता हवेत फिरवत जाणाऱ्या मुलाच्या हातात ते शस्त्र होते. हा फरक पात्यात नसतो, हेतूत असतो. म्हणून पोलीस शस्त्र अधिनियम कलम ४(२५) आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(१)(३) सह १३५ अशी जोडणी करून गुन्हा दाखल करतात. २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवावी, असे दुकानदारांना सांगण्यात आले. त्यानंतर काही महिन्यांनी नारळाच्या झावळ्या तोडण्यासाठी मी बोहरी आळीतून एक कोयता घेतला. दुकानदाराने गल्ल्याखालून दोनशे पानी वही काढली, त्यात माझे नाव, आधार क्रमांक आणि मोबाईल क्रमांक लिहिला आणि सही घेतली. वहीची चाळीसेक पाने भरलेली होती. ही वही कोणी तपासायला येते का, असे मी विचारले. "आजवर तरी कोणी मागितली नाही," ते म्हणाले. मला त्यांच्याविषयी तक्रार नाही. सांगितलेले काम ते चोख करत होते. प्रश्न असा आहे की जप्त झालेल्या कोयत्यांपैकी किती दुकानातून घेतलेले, किती घरातले, किती कामाच्या ठिकाणावरून उचललेले आणि किती लोहाराकडून घडवून आणलेले, हे कोणी मुद्देमालाच्या नोंदींवरून काढून पाहिले का. बहुतेक कोयते घरातून येत असतील तर वहीचा उपयोग नाही. बहुतेक दुकानातून येत असतील तर वही वाचली गेली पाहिजे. दोन्हींपैकी काय खरे आहे, हे ठाऊक नसताना वही तेवढी भरत राहते.

बंदुकीची कथा वेगळी असली तरी प्रश्न तोच आहे. जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका होत्या आणि त्यांपैकी परवाना असलेल्या सुमारे ९७ लाख. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या परवानाधारक बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. ते योग्यच झाले, परंतु पुण्याच्या टोळीयुद्धात जे हत्यार चालते ते परवान्याचे नसते. ते गावठी असते, आणि मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातील उमर्टीसारख्या गावांपासून शहरापर्यंतची त्याची वाट गुन्हे शाखेला माहीत आहे. शिकागोतील २००६ ते २०१४ या काळातील गोळीबारांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ६३ टक्के घटना आधीच्या गोळीबारातून, म्हणजे ओळखीच्या माणसांच्या साखळीतून, पुढे पसरल्याचे दिसले. नाना पेठेत एका खुनातून दुसरा खून झाला, तेव्हा आपण त्याला 'बदला' म्हणालो. संशोधक त्याला साखळी म्हणतो, आणि साखळी म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: पहिल्या खुनानंतरच्या दिवसांत धोका कोणाला होता, आणि त्याच्यापर्यंत कोण पोहोचले?

अतिरेकी हिंसेच्या बाबतीत पुण्याला तर हा प्रश्न टाळण्याचा अधिकारच नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर कोल्हापूर, धारवाड आणि बंगळुरू येथे कॉम्रेड गोविंद पानसरे, डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांची हत्या झाली, आणि कलबुर्गी व लंकेश यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष कर्नाटकच्या न्यायवैद्यक तपासातून पुढे आला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप सुनावली, तिघांना सोडले आणि सूत्रधार दुसरेच कोणी असून तपास यंत्रणा त्यांच्यापर्यंत पोहोचू शकल्या नाहीत, अशा आशयाचे निरीक्षण नोंदवले. न्यायालयाचे काम तेथे संपते. मराठवाड्यातील दोन तरुण, कधी भेट न झालेल्या एका वृद्ध डॉक्टरांना मारायला कसे तयार झाले, कोणत्या बैठकीत, कोणाच्या घरी, कोणत्या मित्राच्या सोबतीने ही वाट सुरू झाली, हे समजून घेणे समाजशास्त्राचे काम आहे, आणि ते झालेले नाही. अतिरेकी माणसे वेडी नसतात, हे दहशतवादाच्या अभ्यासक मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ सालीच मांडले होते. याच विषयाचे दुसरे अभ्यासक मार्क सेजमन यांनी पावणेदोनशेच्या आसपास जिहादींची चरित्रे तपासून दाखवले की विचारसरणीच्या आधी मैत्री आणि नाती येतात. हीच कसोटी जर्मन बेकरीतील बॉम्बस्फोट घडवणाऱ्यांना लावता येते आणि दाभोलकरांच्या मारेकऱ्यांनाही लावता येते. ज्याला एका प्रकारच्या अतिरेकाचा अभ्यास हवा आणि दुसऱ्याचा नको, त्याला अभ्यासच नको असतो.

येथे धिंडीविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण ती लोकप्रिय आहे आणि माझ्या अनेक मित्रांनाही ती आवडते. ज्या चौकात गाड्या फोडल्या त्याच चौकातून हात बांधून चालवले म्हणजे भाईगिरी उतरेल, असा तो विचार आहे. रस्त्यावर उभी असलेली कर्जाची रिक्षा सकाळी फुटलेली पाहणाऱ्या माणसाला त्यातून समाधान मिळते, हे मी समजू शकतो. परंतु अमेरिकेत १९७० च्या दशकात वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरवण्याचे कार्यक्रम निघाले होते. तेही अतिशय लोकप्रिय होते. त्यांच्या काटेकोर चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा असे आढळले की या कार्यक्रमांत गेलेली मुले न गेलेल्यांपेक्षा पुढे अधिक गुन्हे करत होती. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा पकडले जाण्याची खात्री अधिक परिणाम करते, हेही अनेक दशकांच्या संशोधनातून पुढे आले आहे. पुण्यातली धिंडही तसाच उलटा परिणाम करत असेल असे मी म्हणत नाही. मोबाईलवर तिचे चित्रीकरण होते, त्या चित्रीकरणाला संगीत लावून रील बनते आणि वस्तीत त्या मुलाचे वजन वाढते, असे मला दिसते. पण माझे दिसणे हा पुरावा नव्हे. दोन वर्षांत ज्यांची धिंड निघाली आणि तशाच गुन्ह्यात ज्यांची निघाली नाही, त्यांच्यापैकी कितीजण पुन्हा पकडले गेले, हे पोलिसांच्याच नोंदींतून काढता येईल.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत. पहिला गोपनीयतेचा. बाल न्याय अधिनियम, २०१५ विधिसंघर्षग्रस्त बालकाची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाची, ओळख उघड करण्यास मनाई करतो आणि त्याच्या जुन्या नोंदी नष्ट करण्याचीही तरतूद करतो. ती तरतूद मला मनापासून मान्य आहे. रुग्णालयाचा तक्ता निनावीच हवा, आणि तो तपासासाठी पोलिसांना मिळता कामा नये, नाहीतर उद्यापासून कोणताही मुलगा टाके घालायला येणार नाही. दुसरा आक्षेप वस्त्यांचा. नकाशावर जनता वसाहत किंवा अप्पर इंदिरानगर लाल रंगाने रंगवले की तिथल्या मुलीला नोकरी मिळणे आणखी अवघड होईल, ही भीती खरी आहे. म्हणून वस्तीचे नाव न छापता चौक आणि वेळ एवढेच संबंधितांना कळवावे, आणि तक्ता वाचणाऱ्या समितीत त्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थांची माणसे असावीत. तिसरा आक्षेप विश्वासाचा आहे. मे २०२४ मधील कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. तिथल्या नोंदींवर विसंबायचे कसे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर नाही. पण तो एका प्रकरणात एका व्यक्तीला वाचवण्याचा आरोप होता. महिन्याला जमणाऱ्या शेकडो निनावी जखमांत कोणाला वाचवायचे नसते आणि कोणाला अडकवायचेही नसते, त्यामुळे खोटे लिहिण्याचे कारणच उरत नाही. त्या रात्री माझ्या सोबतच्या मुलाला जर कोणी सांगितले असते की हे उत्तर पोलिसांकडे जाणार नाही, तर त्याने 'पत्रा' म्हटले असते असे मला वाटत नाही.

या शहराला हे काम नवे नाही. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि ती १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. घरोघर जाऊन उत्पन्न, धंदा, शिक्षण, राहण्याची जागा यांची नोंद घेणारी माणसे याच पेठांतून फिरली होती. आज विद्यापीठात समाजशास्त्र, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्राचे विभाग आहेत, आणि विषय शोधत असलेले विद्यार्थीही आहेत. सुरुवात लहान असावी: ससून आणि महापालिकेचे एखादे रुग्णालय, अपघात विभागाच्या केसपेपरवर चार रकाने, ते भरण्यासाठी रात्रपाळीला एक प्रशिक्षित कर्मचारी, आणि सहा महिन्यांनी पहिला तक्ता. त्यासाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही. महापालिका आयुक्त, पोलीस आयुक्त आणि ससूनचे अधिष्ठाता यांनी एका खोलीत बसून ते चार रकाने ठरवावे लागतात.